आत्याची वरची दाढ

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. एक कात्री तिच्या हातात असायची म्हणून, आणि दुसरी तोंडात असायची म्हणून. पहिलीला अधूनमधून धार लावून आणावी लागे, दुसरीला कधीच नाही. घरात मात्र ती आत्या होती, आणि तिला आत्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे ठकू.

ठकू तिच्या धाकट्या भावाची मुलगी. आई लहानपणीच गेली आणि बाप बोटीवर नोकरीला. तो घरी आला की निम्मी सुट्टी झोपण्यात घालवायचा आणि उरलेली निम्मी निघायची तयारी करण्यात. तेव्हा ठकूला वाढवलं आत्यानं. केस किती कापायचे, कुठल्या मैत्रिणीकडे जायचं आणि कुठलीचा उंबरा चढायचा नाही, सगळं आत्या ठरवायची आणि ठकू 'हो आत्या' म्हणायची. दातांची डॉक्टर हो, हेही आत्यानंच सांगितलं होतं. "माणसाला डोळे दोन, कान दोन, हृदय एक. दात बत्तीस. धंदा कुणाचा चालेल, तूच सांग!" ठकू याही वेळी 'हो आत्या' म्हणाली. नशिबानं पुढे तिला ते काम मनापासून आवडलं, नाहीतर बत्तीस दातांचा हिशेब आत्याच्याच गळ्यात आला असता. कॉलेज झालं, त्यापुढचं शिक्षणही होत आलं. ठकूनं त्यात विषय घेतला होता दातांच्या मुळांचा, म्हणजे लोक ज्याला रूट कनाल म्हणतात आणि म्हणताना गालाला हात लावतात, तो. आता शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती.

आत्याचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा, आणि आरशासमोर उभी राहिलेली कुणीतरी बाई. ही आरशासमोरची बाई हा आत्याचा खास विषय होता. टेप कमरेला लागला की गल्लीतली भलीभली बाई श्वास ओढून पोट आत घेते. एरवी ती कितीही खरं बोलणारी असो. शिवाय तोंडानं मापही सांगते, दहा वर्षांपूर्वीचं. आत्या ना तिच्या तोंडावर विश्वास ठेवायची, ना पोटावर. टेप तसाच धरून शांतपणे म्हणायची, "श्वास सोड." बाई म्हणायची, "सोडलाय की!" आत्या पुन्हा म्हणायची, "श्वास सोड, बाई. मी तुझी लाज काढायला उभी नाही, कपडा बसवायला उभी आहे." मग कुठं ते पोट हळूच आपल्या जागी यायचं आणि खरं माप मिळायचं. ठकूनं हे वाक्य पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं.

आत्याला एक वाईट खोडही होती. ब्लाउजचा हूक वाकडा निघाला की पक्कड शोधायला ती उठायची नाही. हूक उजव्या दाढेखाली धरायचा आणि कचकन दाबायचा. "देवानं दिलेली पक्कड जवळ असताना लोखंडाची कशाला शोधायची?" असं वर विचारायची. दातांच्या डॉक्टरच्या घरात हे चालत होतं, बोला!

परीक्षेच्या दिवशी सकाळी ठकू फोन कानाला लावून दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?" आत्यानं मशीनवरूनच विचारलं.

"माझा पेशंट गेला."

"अरे देवा! कशानं?"

"गेला म्हणजे तसा नाही गं. कळ सोसेना म्हणून काल संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडे गेला आणि दाढ काढूनच आला. आता फोन करून माफी मागतोय. दाढच नाही तर मी रूट कनाल कशाचं करू?"

ही परीक्षा कागदावरची नव्हती. खरा माणूस खुर्चीत बसवायचा, बाहेरगावाहून आलेला परीक्षक पाठीशी उभा राहणार, आणि त्याच्यासमोर एका दाढेचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचं. पेशंट ज्याचा त्यानं आणायचा. कंडक्टरची नोकरी करणारा हा माणूस ठकूनं महिनाभर सांभाळून ठेवला होता. पेशंट नसेल तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष वाया.

आत्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "एवढंच ना? मग माझी दाढ काय कामाची नाही?"

"तुझी? तुझ्या दाढेला काय झालंय?"

झालं होतं. आठवडाभर आत्याच्या उजव्या जबड्यात ठणका लागला होता. चहा डावीकडून, पाणी डावीकडून, झोपही डाव्याच कुशीवर. पण परीक्षेच्या तोंडावर पोरीच्या जिवाला घोर नको, म्हणून तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. तो आता काढला. "वरची दाढ आहे, उजवीकडची. तिच्यात जुनं सिमेंट भरलंय, तेच सडलं असणार. मला पक्कं ठाऊक आहे. तू ती उघड, साफ कर, बुजव आणि पास हो. चल, साडी बदलते."

"आत्या, आधी मला बघू तर दे."

"बघायचं ते तिकडे बघ. बस चुकेल."

ठकू नेहमीप्रमाणे 'हो आत्या' म्हणाली. साडी बदलता बदलता आत्यानं कपाटातल्या डबीतून दुखण्याच्या दोन गोळ्या काढून गिळल्या. पोरीच्या परीक्षेत आपण कण्हत बसलो तर बरं दिसणार नाही, एवढाच तिचा सरळ हेतू. ते ठकूला सांगायची तिला गरज वाटली नाही.

बसमध्ये ठकूनं पुढे काय काय होणार ते समजावून सांगितलं. पेशंटला आधी सगळं सांगायचं, म्हणजे तो निम्मा शांत होतो, असं तिचं म्हणणं होतं.

"आधी दाढ कुठली ते शोधणार. मग सुई देऊन बधिर करणार. सुई टोचते तेवढंच. मग दाढेला वरून एक छोटं भोक पाडायचं. आत नस असते, ती सुजलेली असते म्हणून ठणकतं. मुळांच्या आत बारीक नळ्या असतात, त्यातून ती नस काढायची, नळ्या बारीक कानशींनी साफ करायच्या, औषधानं धुवायच्या, कोरड्या करायच्या आणि मसाला भरून बंद करायच्या. वेळ लागतो, तोंड उघडं ठेवून कंटाळा येतो. दुखत मात्र नाही. दुखलंच तर डावा हात वर करायचा, मी लगेच थांबते."

"माझा हात काही वर व्हायचा नाही," आत्या म्हणाली. "आणि दाढ शोधायची काय गरज? मी सांगितली ना. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

ठकू खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा जीव टांगणीला लागला होता हे आत्याला दिसत होतं. म्हणून तिनं आणखी ठासून सांगितलं, "तू निर्धास्त राहा. मी आहे."

परीक्षेची खोली लांबलचक होती. एका ओळीत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक आ वासलेला माणूस आणि त्याच्यावर वाकलेला एक घामेजलेला विद्यार्थी. औषधाचा वास, पाणी ओढणाऱ्या नळीचा सुर्र आवाज. परीक्षक उंच होते, चष्मा कपाळावर चढवलेला. ते फारसं बोलत नव्हते, आणि जे कमी बोलतात त्यांचा आत्याला मुळातच संशय येई.

"पेशंट बदललाय म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हो सर. या माझ्या आत्या आहेत. नात्यातल्या चालतील ना?"

"दाढेला नातं नसतं. फक्त लक्षात ठेवा, आधी निदान. कुठली दाढ आणि कशावरून, हे मला पटलं की मगच हत्यार उचलायचं. चुकीची दाढ उघडली तर परीक्षा तिथं संपली. पेशंट उठून गेला तरी संपली." मग ते आत्याकडे वळले. "बाई, काय त्रास आहे?"

"वरची दाढ. उजवीकडची, सिमेंटवाली," आत्यानं बोट आत घालून दाखवलं. "फोटोबिटो नका काढू, वेळ जाईल."

फोटो काढला गेलाच. नंतर ठकूनं आरशाच्या दांड्यानं एकेका दाढेवर हलकं हलकं ठोकायला सुरुवात केली. वरच्या सिमेंटवाल्या दाढेला दांडा लागला तसं आत्या म्हणाली, "हीच!" खरं सांगायचं तर तिथं काहीच दुखलं नव्हतं. मग दांडा खालच्या ओळीत गेला. पहिली दाढ काही बोलली नाही. दुसरीवर टक झालं आणि आत्याच्या चपलेतली बोटं आवळली गेली. सकाळच्या गोळ्या पोटात असूनसुद्धा कळ कानापर्यंत गेली.

"इथं?"

"काही नाही."

आता ही बाई खोटं का बोलली, ते समजून घ्यायला हवं, कारण ती खोटारडी नव्हती. तिचं आपलं गणित होतं. दुखतंय वरचंच, छपरातलं पाणी भिंतीवरून उतरतं तशी कळ खाली उतरते आहे. आता खालचंही दुखतं म्हणून सांगितलं, तर पोरीचा गोंधळ उडणार, तोही परीक्षकासमोर. तेव्हा पोरीला सोपं करून द्यावं. एवढी वर्षं सगळं सोपं करून दिलं, मग आज ऐन वेळी हात आखडता का घ्यायचा? उंटावरून शेळ्या हाकायची सवय अशी खुर्चीत बसूनही सुटत नाही.

मग ठकूनं बर्फासारखा गार कापसाचा बोळा आणला. तो खालच्या दाढेला लागला तेव्हा आत्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "गार लागतंय. गार वस्तू गारच लागणार."

"किती वेळ राहिलं?"

"राहिलंच नाही."

"आत्या, आज काही गोळी घेतली आहेस का?"

"छे."

ठकू म्हणाली, "डोळे मिट. आता पुन्हा एकदा वरची बघते." आत्यानं डोळे मिटले. टक झालं. "हीच ती!" आत्या ठामपणे म्हणाली. डोळे उघडले तर परीक्षकांच्या भुवया चष्म्याला टेकल्या होत्या. ठकूचा दांडा पुढच्या सुळ्यावर होता.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. आत्याचे कान तापले. ठकूच्या कपाळावर मात्र एकही आठी नव्हती, आणि हे आत्याला नवीन होतं. परीक्षेच्या विचारानं सकाळी पांढरीफटक पडलेली ही पोर आता पक्क्या हाताची बाई दिसत होती.

"निदान, डॉक्टर?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, पेशंटचं बोट वरच्या दाढेवर आहे. तिथं जुनं सिमेंट आहे, म्हणून संशय यायला जागा आहे. पण फोटोत मुळं चांगली दिसतात, आणि पेशंट म्हणते त्याचा चाचण्यांशी मेळ बसत नाही. दुखऱ्या नसेची कळ वरची की खालची ते माणसाला स्वतःला पुष्कळदा सांगता येत नाही. मला फक्त वरची बाजू बधिर करून बघायची आहे. कळ थांबली तर दाढ वरची. नाही थांबली तर खालची."

"आणि हे तुम्हाला कोण सांगणार?"

"पेशंटच सांगणार, सर. दुसऱ्या कुणाला ते कळू शकत नाही."

परीक्षकांनी मान हलवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. म्हणजे आता ठकूचं वर्ष आत्याच्या एका शब्दावर होतं, आणि ते त्या खुर्चीपाशी असलेल्या तिघांनाही ठाऊक होतं.

सुई दिली. ठकूनं सांगितलं तसं, टोचली तेवढीच. थोड्या वेळानं आत्याचा वरचा ओठ आणि गाल लाकडाचा झाला. ठकूनं तिच्या हातात गार पाण्याचा पेला दिला. "उजवीकडे घे. तोंडात धर."

आत्यानं घोट घेतला, आणि कळ उठली ती अशी उठली की वरचा जबडा पार मेलेला आणि खाली मात्र कुणी तापलेली सुई खुपसतंय. कळ कुठून येते ते आता डोळस माणसाला उजेडात दिसावं तसं स्पष्ट होतं. तिनं पाणी थुंकलं.

"गेली का कळ?" ठकूनं विचारलं.

'गेली' हा शब्द आत्याच्या अर्धवट बधिर ओठांवर आला होता. गेली म्हटलं की झालं. पोर वरची उघडेल, ती तर सिमेंटवालीच आहे, तिची सफाई झाली तर बिघडलं कुठं? सकाळपासून आपण छातीठोकपणे वरची वरची करतोय. आता या चष्मेवाल्यासमोर खालची म्हणायचं? आणि सुळ्याला दाढ म्हणून झाल्यावर? पोटात एक आणि ओठात एक असं आत्या आजवर इतरांना म्हणत आली होती. आज तिच्याच तोंडात ते येऊन बसलं होतं. तिनं मान ताठ केली आणि छाती भरून श्वास घेतला.

ठकूनं हातातला आरसा खाली ठेवला. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. आत्याच्या अगदी समोर स्टूल ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली,

"आत्या, श्वास सोड."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर हजारो बायकांना तिनं ते सांगितलं होतं, पण तिला ते कुणीही सांगितलं नव्हतं. आरशासमोर उभ्या राहून पोट आत ओढणाऱ्या त्या सगळ्या जणी तिला आठवल्या. किती हसायची ती त्यांना! आणि त्या तरी काय करत होत्या? ताठ उभ्या राहत होत्या, एवढंच.

"सोडलाय की," ती पुटपुटली.

"श्वास सोड," ठकू म्हणाली. "मी तुझी लाज काढायला नाही बसले."

आत्यानं श्वास सोडला. त्याच्याबरोबर खांदेही खाली आले आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते कळेचं होतं असं नाही.

"नाही गेली," ती म्हणाली. "खालची आहे गं. मघाशी ठोकलंस तेव्हाच जीव गेला होता माझा. तो गार बोळा लागला तेव्हाही. तुझा गोंधळ होईल म्हणून बोलले नाही. आणि सकाळी दोन गोळ्या खाल्ल्या आहेत. सगळं खोटंच सांगत बसले मी तुला."

"किती वेळ राहते कळ? गार गेल्यावर?"

"राहतेच. आत्ताही आहे."

ठकूनं मास्क वर चढवला. तिनं एक छोटी टणक काडी खालच्या दाढेच्या एकेका टोकावर ठेवून चावायला सांगितलं. एका टोकावर चावून आत्यानं तोंड उघडलं मात्र, ती खुर्चीत उडालीच. ठकूनं निळं औषध लावून, पुसून, दिवा जवळ आणला. "सर, भेग आहे. अर्ध्या दाढेतून गेलेली, फोटोत न दिसणारी. आत्या, या दाढेखाली तू काय फोडतेस?"

"हूक," आत्या म्हणाली. "दाबते."

परीक्षकांनी पहिल्यांदाच चष्मा नाकावर घेतला आणि आत्याच्या तोंडात बराच वेळ डोकावून पाहिलं. "भेग मुळापर्यंत गेली असेल तर?"

"तर दाढ वाचणार नाही, सर. आत उघडून बघितल्यावरच कळेल. पेशंटला ते आधी सांगायला हवं." आणि ती आत्याकडे वळली. "ऐकलंस? आत गेल्यावर भेग खोल निघाली तर दाढ काढावी लागेल. निघाली नाही तर वाचेल, वर कॅप बसवावी लागेल. करू का?"

हा प्रश्न होता. ठकूनं आत्याला विचारलेला, आणि उत्तर काय यावं हे आत्याला आधी ठाऊक नसलेला.

"कर," आत्या म्हणाली. "तुला काय योग्य वाटतं ते कर."

खालची बाजू बधिर व्हायला वेळ लागला. मग हिरव्या रबराचा पडदा तोंडावर ताणला गेला, त्यातून फक्त ती एक दाढ बाहेर. आता आत्याला बोलता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच की काय, असं तिच्या मनात आलं, पण बुक्के काही बसत नव्हते. नुसती घरघर ऐकू येत होती आणि जबडा थरथरत होता.

घरघर खोल गेली तशी एक चमक उठली, छोटी पण लखलखीत. आत्याची सवय म्हणाली, दाब. आत्यानं डावा हात वर केला.

ठकू त्याच क्षणी थांबली. "बरं झालं सांगितलंस. नस फार सुजली असली की पहिल्या सुईला दाद देत नाही. आणखी एक देते, आतच." त्यानंतर चमक आली नाही. शपथेवर सांगायचं तर आत्या मध्ये थोडा वेळ पेंगलीसुद्धा.

"भेग वरच थांबली आहे, सर," असं ऐकून तिचे डोळे उघडले. ठकूच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "तळ चांगला आहे. दाढ वाचते."

मग त्या बारीक कानशी आल्या, सुयांपेक्षा बारीक. त्या ठकूच्या बोटांत फिरताना पाहून आत्याला पोरीचा हात चांगला आहे हे कळलं. हात ओळखायचा कसा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. एक यंत्र टिकटिक करून नळी कुठं संपते ते सांगत होतं. दोन नळ्या पुढच्या मुळात, एक मागच्यात. धुवायच्या औषधाला कपड्यांचे डाग काढायच्या पाण्याचा वास होता, ओळखीचा. कागदाच्या इवल्याशा काड्यांनी नळ्या कोरड्या झाल्या, फिकट गुलाबी मसाला भरला गेला, पुन्हा फोटो निघाला. परीक्षकांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. तीन पांढऱ्या रेघा, मुळांच्या टोकापर्यंत, न कमी न जास्त.

रबर निघालं. आत्यानं जबडा हलवून पाहिला.

"बाई, दुखलं का?" परीक्षकांनी विचारलं.

सकाळची आत्या 'छे' म्हणाली असती. "एकदा दुखलं," ती म्हणाली. "हात वर केला, तिनं थांबून आणखी सुई दिली. मग नाही."

"तुम्ही मघाशी 'गेली' म्हणाला असता, तर यांनी वरची दाढ उघडली असती, आणि मी यांना घरी पाठवलं असतं."

"तिनं ती उघडलीच नसती," आत्या म्हणाली. "मी काहीही म्हणाले असते तरी. माझ्या खोट्यावर कात्री चालवणारी नाही ती."

परीक्षक पहिल्यांदा हसले. "निकाल रीतसर लागेल," ते ठकूला म्हणाले. "पण पाटी रंगवायला टाकलीत तरी चालेल."

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. आत्याचा अर्धा चेहरा अजून लाकडाचा होता आणि ओठ एका बाजूला लोंबत होता. ठकू तिच्या दंडाला धरून उतरत होती, आणि आत्यानं ते धरू दिलं.

"बधिरपणा उतरेपर्यंत काही खायचं नाही, गाल चावला जाईल. दोन-तीन दिवस थोडं ठणकेल, घाबरू नकोस. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक चावायचं नाही. आणि हूक यापुढे पक्कडीनं. दाढेखाली धरलेला दिसला तर बघ."

आत्यानं तोंड उघडलं. गल्लीतल्या बायका तिथं असत्या तर दोन पावलं मागे सरल्या असत्या.

"हो डॉक्टर," आत्या म्हणाली.